एका वाक्यात मावते तीच गोष्ट का?

हातमाग (धागाकर्ता)
गेल्या आठवड्यात आपल्यापैकी एकाने मोठ्या ऐटीत लिहिले होते की, सोलापूरच्या लेखकांना टीव्ही वाहिन्यांपुढे कथा एका वाक्यात मांडताच येत नाही. ते दोन तास नॅरेशन देतात, म्हणजे अख्खी कथा ऐकवत बसतात, कल्पना चोरीला जाईल म्हणून शेवट लपवतात आणि नकार आला की मुंबईला शिव्या देत सिद्धेश्वर एक्स्प्रेसने परततात. मी त्याच गाडीने परतलेला आहे, त्यामुळे हे उत्तर लांबणार.

माझी कथा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगार आजीची होती. मांडीवरचे सूप, पानावर पत्र्याचा साचा ठेवून फिरणारी कात्री आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या, ज्यांची मजुरी कोणी देत नाही अशा विड्या, एवढ्यावर ती उभी होती. मला अकराची वेळ दिली होती, आत बोलावले साडेचारला, आणि नवव्या मिनिटाला समोरच्या तरुण अधिकाऱ्याने फोनवरून नजर न उचलता विचारले, ‘विडीऐवजी चादरींचा मोठा व्यापार दाखवता येईल का, आणि हे सगळे कोल्हापुरात हलवता येईल का?’ ‘एका वाक्यात सांगा’ म्हणणाऱ्यांना जे वाक्य हवे असते, ते त्यांनी आधी कुठेतरी ऐकलेलेच असते. नवे वाक्य त्यांना वाक्यच वाटत नाही.

सात रस्ता
ती ऐट माझीच, आणि मी ती मागे घेत नाही. सहा वर्षे मी एका वाहिनीत अशाच अधिकाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो आहे. आपल्या लेखकांचा मूळ गैरसमज असा की, पलीकडचा माणूस कथा विकत घेतो. तो स्लॉट, म्हणजे मालिकेची रोजची ठरलेली वेळ, भरत असतो. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्या आकड्यांवर त्याची स्वतःची नोकरी टांगलेली असते. आठवड्याला सहा भाग, असे निदान काही महिने चालेल असे त्याला हवे असते, आणि आपण त्याच्यापुढे सुरुवात, मध्य आणि शेवट असलेला चित्रपट ठेवतो. आपल्या आजीच्या घरी रोज संध्याकाळी प्रेक्षक कशासाठी परत येणार, हे आपण त्या नऊ मिनिटांत सांगितले होते का? त्यातच खुर्चीवरचा माणूस बदलला की त्याने पसंत केलेल्या कल्पनाही पोरक्या होतात. त्यात सोलापूरविरुद्ध कट कोणाचाच नसतो.

वकिली चष्मा
चोरीच्या भीतीची एवढी थट्टा नको. कॉपीराइट कायद्याने नुसत्या कल्पनेला संरक्षण मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. मात्र विश्वासाने सांगितलेली संकल्पना परस्पर वापरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये झी आणि सनडायल यांच्या वादात म्हटले, आणि तो वाद नेमका वाहिनीला दिलेल्या कन्सेप्ट नोटवरूनच, म्हणजे कल्पनेच्या लेखी टिपणावरूनच, उभा राहिला होता. म्हणून लेखी नोट द्या, ती ईमेलने पाठवा आणि आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेत नोंदवून ठेवा. नोंदणीने मालकी सिद्ध होत नाही, पण तारखेचा पुरावा राहतो. आणि आत जाण्यापूर्वी पुढे केला जाणारा रिलीज फॉर्म, म्हणजे पुढे दावा करणार नाही असे लिहून घेणारा कागद, वाचल्याशिवाय सही करू नका. ‘आमच्याकडे अशीच कल्पना आधीपासून असू शकते’ हे वाक्य त्यात बहुधा असतेच.

गड्ड्याची जत्रा
कायदा राहू द्या बाजूला. कोल्हापुरात हलवा म्हणजे काय? आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच नळावर भांडतात. हे शहर पडद्यावर आले की फक्त चादर आणि शेंगा चटणी उरते, आणि गाव दाखवायचे झाले की दरवेळी कोल्हापूर. सगळा रांगडेपणा काय पंचगंगेनेच वाहून आणला आहे?

माहेर रंकाळा
मी कोल्हापूरची लेक आणि सोलापूरची सून आहे, त्यामुळे मला दोन्हीकडून बोलण्याचा हक्क आहे. मालिकेत आमच्या गावाची निवड होते म्हणजे आमचा सन्मान होतो, हे आपणांस कोणी सांगितले? तालीम, तांबडा-पांढरा रस्सा आणि वाक्यागणिक ‘नाद खुळा’, एवढ्यातच आमचे गाव संपवतात. माझ्या माहेरी असे कोणीच बोलत नाही. आपले शहर निदान अजून बिघडवलेले तरी नाही.

गड्ड्याची जत्रा
बिघडवण्यासाठी आधी दाखवावे लागते, वहिनी. आणि बोली चालत नाही म्हणणाऱ्यांनी २०१६ चा ‘सैराट’ आठवावा. आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याची भाषा अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली.

सात रस्ता
हे उदाहरण येणार याची मला खात्रीच होती. जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’च्या आधी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१३ मध्ये ‘फँड्री’ आला. बोलीवर विश्वास ठेवा असे सांगण्याऐवजी त्यांनी ती आधी ऐकवली. आपण कागद घेऊन जातो आणि समोरच्याने त्यातला हेल ऐकावा अशी अपेक्षा करतो. निदान फोनवर दहा मिनिटांचे काही चित्रित करून न्यावे, एवढेच माझे म्हणणे होते. त्यावर आपण मला मुंबईचा दलाल ठरवून मोकळे झालात.

हातमाग
दलाल हा शब्द मी कुठेही वापरलेला नाही, पण आपल्याला तो स्वतःहून सुचला याची नोंद घेतो. चित्रित करून न्यावे, हे नाइलाजाने मान्य. वाक्याचे म्हणाल, तर कालची रात्र त्यात गेली. घ्या: ‘हजारो विड्यांचा हिशेब तोंडी ठेवणारी, पण मजुरीच्या कार्डावरचे आकडे वाचता न येणारी आजी कारखान्याची मोजणी खोटी पाडण्यासाठी सातवीतल्या नातीकडून अंक शिकते.’

सात रस्ता
हेच वाक्य त्या दिवशी का म्हणाला नाहीत? आजी अंक शिकली की गल्लीतली प्रत्येक बाई आपले कार्ड घेऊन तिच्या ओट्यावर येणार. रोज एक कार्ड, रोज एक घर. ही मालिका आहे, महाराज.

हातमाग
त्या दिवशी नवव्या मिनिटाला कोल्हापूर आले, म्हणून म्हणालो नाही. आता ओट्याची कल्पना आपण दिलीत, तेव्हा ती कोणाच्या मालकीची, तेही सांगून टाका.

वकिली चष्मा
दोघांनीही आजची तारीख टाकून ठेवा. आणि ती नोट या धाग्यावर चिकटवू नका.