छिद्रे एक की चार?

पित्ताशय एकाच छिद्रातून काढणे अधिक प्रगत असल्याने रुग्णाने तोच आग्रह धरावा, असे वर एका सदस्यांनी लिहिले आहे. त्यात थोडी भर घालतो. नेहमीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बेंबीजवळून कार्बन डायऑक्साइड सोडून पोट फुगवतात आणि १० व ५ मिलिमीटरच्या सहसा चार छिद्रांतून दुर्बीण व अवजारे आत घालतात. अवजारे वेगवेगळ्या कोनांतून येत असल्यामुळे पित्ताशयाची नलिका आणि धमनी कापण्यापूर्वी सुटी करून नीट ओळखता येते. एकाच छिद्रातून तीच अवजारे एकमेकांना अडतात, आणि व्रण बेंबीत लपला तरी तेथे हर्निया होण्याची शक्यता काहीशी वाढते.

जळगावला माझ्या आईची शस्त्रक्रिया चार छिद्रांतून झाली. दुसऱ्या दिवशी तिची तक्रार पोटाची नव्हे, उजव्या खांद्याची होती, कारण पोटात उरलेला वायू श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला) डिवचतो आणि ते दुखणे खांद्यात जाणवते. पित्ताशयातून निघालेले, डबीत ठेवलेले तुरीच्या दाण्याएवढे खडे पाहून झाल्यावर तिने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, तो भरीत कधी खाता येईल हा!

सूज फार असल्यास मुख्य पित्तनलिकेला इजा होऊ नये म्हणून सर्जन मध्येच पोट उघडण्याचा निर्णय घेतात. त्याला शस्त्रक्रिया फसली असे म्हणू नये. ही शक्यता मात्र संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावी.