रिमोट-फर्स्ट कंपनीची ऑफर: होकार देण्याआधी काय तपासावं?

नवखा_बॅकएंड:
रिमोट-फर्स्ट, म्हणजे सगळे घरूनच काम करतात, कंपनीला ऑफिसच नाही. माझ्यात आणि माझ्या कोडचा रिव्ह्यू (तपासणी) करणाऱ्यांत ९ तासांचा फरक पडेल. प्रवास वाचतो, सलग कोड लिहिता येतो, हे कळतं. रोजच्या कामात अडतं कुठे? मुलाखतीत काय विचारू?

स्टॅकट्रेस:
दोन्हीकडे ९ ते ६ धरलंत तर सामायिक वेळ शून्य. म्हणजे रिव्ह्यूची एक फेरी = एक दिवस. काम वीस मिनिटांचं असलं तरी तीन फेऱ्यांत तीन दिवस जातात. म्हणून पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे रिव्ह्यूसाठी पाठवलेला कोडमधला बदल) लहान ठेवा, शक्यतो २००-३०० ओळींच्या आत. काय बदललं, का, कसं तपासलं आणि शंका नेमकी कुठे आहे, हे वर्णनातच लिहा. वाट बघत बसू नका, त्याच ब्रँचवरून (कोडची स्वतंत्र प्रत) पुढची ब्रँच काढा. मात्र पहिली ब्रँच स्क्वॅश करून (सगळे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, एकात गुंडाळून) मुख्य कोडमध्ये मर्ज झाली, तर साध्या रीबेसमध्ये (आपले बदल नव्या मुख्य कोडवर पुन्हा रचताना) जुने कमिट पुन्हा लागू होऊ पाहतात आणि फुकटचे कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीवर बदलांची टक्कर) येतात. तिथे 'रीबेस --ऑन्टो' वापरा, म्हणजे फक्त दुसऱ्या ब्रँचचे कमिट उचलले जातात.

चॅटवर नुसतं "आहेस का?" लिहिलंत की दिवस गेलाच. एररच्या ओळी, काय करून पाहिलं आणि "उद्या सकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर पर्याय ब घेतो" हे एकाच मेसेजमध्ये टाका. डेटा खोडणाऱ्या मायग्रेशनला (डेटाबेसच्या रचनेतला बदल) मात्र ही सवलत नाही, तिथे थांबायचंच.

अर्धविराम:
मुलाखतीत आधी हे विचारा: शेवटचा मोठा तांत्रिक निर्णय कुठे लिहून ठेवलाय? "कॉलवर ठरलं" असं उत्तर आलं तर रिमोट-फर्स्ट फक्त नावाला. तुलनेसाठी गिटलॅब या रिमोट कंपनीची हँडबुक (कामाच्या पद्धती लिहिलेली पुस्तिका) चाळा, ती सगळ्यांना खुली आहे. रात्रीचा ऑन-कॉल (बिघाड झाला तर धावून जायची पाळी) कोणाकडे आणि बढती कशावरून ठरते, हेही विचारून घ्या. समोर न दिसणाऱ्याचं काम सहज विसरलं जातं, विशेषतः दुसऱ्यांना केलेली मदत.

क्रॉनजॉब:
घड्याळाचंही बघा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोघांमधला फरक तासाभराने बदलतो आणि कोणीतरी रिकाम्या कॉलवर बसून राहतं. शरद ऋतूत पुन्हा आठवडाभर तेच. आवर्ती मीटिंग कोणत्या शहराच्या वेळेला बांधलीय, ते आमंत्रणातच लिहा.

स्टॅकट्रेस:
@अर्धविराम, सगळं लेखीच हवं हे पटत नाही. एकाच मुद्द्यावर दोघांच्या दहा-बारा कमेंट झाल्या, की एकाने थोडं लवकर उठून १५ मिनिटांचा कॉल करावा. लेखी वादात सूर कळत नाही, माणसं उगाच दुखावतात.

अर्धविराम:
मान्य. फक्त कॉल संपल्यावर काय ठरलं ते त्याच पीआरमध्ये दोन ओळींत टाका, नाहीतर तिसरा माणूस दुसऱ्या दिवशी तोच वाद पहिल्यापासून सुरू करतो.