स्कायरिमचे स्क्रीनशॉट सपाट येतात त्याबद्दल

वर एका भावानं विचारलंय की स्कायरिम या व्हिडिओ गेममधले डोंगर खेळताना भारी दिसतात पण स्क्रीनशॉटमध्ये बारके आणि सपाट येतात. भावा, आधी प्रकाश बघ. रंकाळ्यावर भर दुपारी बाराला फोटो काढून बघ आणि मग संध्याकाळी ऊन तिरकं झाल्यावर शालिनी पॅलेसचा काढ, नाद खुळा फरक पडतोय, गेममध्येपण तेच. पीसीवर असशील तर कन्सोल, म्हणजे गेममधली कमांड टाकायची जागा, उघडून सेट गेमअवर टू १८ टाक, थेट संध्याकाळ होते. मग टीएफसी १ ही कमांड टाक, म्हणजे सगळं जागच्या जागी थांबतं आणि कॅमेरा मोकळा फिरवता येतोय, ड्रॅगन हवेत असतानाच थांबव आणि कॅमेरा पार जमिनीलगत ने. डोंगर बारके दिसतात ते एफओव्हीमुळं, म्हणजे कॅमेऱ्यात किती रुंद दृश्य मावतंय त्या आकड्यामुळं, तो ४० च्या आसपास आण आणि कॅमेरा मागं घे, डोंगर एकदम अंगावर येतो, मला तर हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. टीएम या कमांडनं स्क्रीनवरच्या पट्ट्या, खुणा, मेनू सगळं जातं, पण कन्सोलपण दिसायचा बंद होतो, घाबरू नको, न बघता परत टीएम टाकून एंटर मार. आणि स्टीममध्ये, म्हणजे गेम ज्या ॲपमधून चालवतोस त्यात, अनकॉम्प्रेस्ड कॉपी (न दाबलेला मूळ फोटो) ऑन ठेव, गुहेतले अंधारे फोटो दाबून साठवलेल्या जेपीजीत फुटतात.