नव्या घराच्या अंगणातला पहिला वसंत : इंदूरकरांचे अनुभव

बायपासपलीकडे, राऊकडे, सुपर कॉरिडॉरच्या बाजूला बरीच मराठी कुटुंबं नव्या घरात राहायला गेली आहेत. वसंतपंचमी ते गुढीपाडवा हा माळव्यात अंगणात बसायचा खरा काळ. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो. मलबा नुकताच उचललेल्या अंगणात पहिल्याच वसंताचा आनंद कसा घ्यावा, हे जाणकारांनी वर आपल्या वस्तीचं नाव घालून इथे लिहावं. मापं, प्रमाणं, दिवस आणि काय बिघडतं तेही येऊ द्या.

राजेंद्रनगर

रोपं आणायची घाई करू नका, आधी जमीन बघा. बांधकामाच्या वेळी ट्रॅक्टर आणि गिट्टीच्या ढिगांनी माती दाबली जाते, शिवाय वरच्या पाच-सहा इंचांत सिमेंट, चुरी आणि प्लास्टरचे तुकडे असतात. फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा करून पाणी भरा. ते जिरलं की पुन्हा भरा आणि तासाभराने मोजा. इंचापेक्षा कमी उतरलं तर खालचा थर दगडासारखा झालाय. अशा जागी लावलेलं झाड महिनाभर बरं दिसतं, मग मुळं कुजून पिवळं पडतं.

काळी माती कोरडी असताना खणली तर ढेकळं निघतात, ओली असताना खणली तर चिखलाच्या विटा होतात. भरपूर पाणी देऊन तीन-चार दिवस थांबा. मूठभर माती दाबून गोळा करा, बोटाने टोचल्यावर तो भुगा झाला तर वाफसा आला. मग फूटभर खोल खणा आणि गिट्टी, खिळे, वायरचे तुकडे वेचा. सिमेंटचा राखाडी थर दिसला तर तो काढूनच टाका, त्यात खत मिसळून तो सुधारत नाही.

खत किती? दहा बाय दहा फुटांच्या वाफ्यावर दोन इंच थर म्हणजे सुमारे 17 घनफूट. सिमेंटच्या गोणीत सव्वा घनफूट मावतं, म्हणजे चौदा गोणी. खत जुनं, काळं, वास नसलेलं हवं. ताज्या शेणाने मुळं भाजतात आणि मुळं खाणारी हुमणी अळीही येते. एक कळकळीची विनंती: माती मोकळी व्हावी म्हणून दोन-चार तगाऱ्या रेती टाकू नका. चिकण मातीत थोडी रेती पडली की ती उलट घट्ट बसते.

राऊ

वरचं सगळं पटलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे घराच्या भिंतीला चिकटून वाफा नको. काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. प्लिंथला (घराच्या जोत्याला) लागून रोज पाणी घातलं तर तिथली माती फुगलेली राहते, पलीकडची आकसते, आणि तो फरक फरशीत, भिंतीत दिसायला लागतो. घराभोवती किमान तीन फूट पक्की पट्टी ठेवा. तिचा उतार बाहेरच्या बाजूला, तीन फुटांत पाऊण इंच तरी असावा.

मोठ्या झाडांचंही तसंच. कडुनिंब, पिंपळ, गुलमोहर घराजवळ लावू नयेत. मोठं होऊन झाड जितकं उंच होणार, साधारण तितकं अंतर सोडावं. लहान प्लॉटवर ते शक्य नसतं, तेव्हा कढीलिंब, लिंबू, पारिजातकावर समाधान मानावं. लिंबाला दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, आणि कुंपणाच्या भिंतीपासून सात-आठ फूट.

बिचोली मर्दाना

बसायची जागा आणि वाफे फेब्रुवारीतल्या उन्हावरून ठरवू नका. इथे बहुतेकांची फसगत होते. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडंसं दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य झपाट्याने डोक्यावर येतो. बावीस फूट उंच घराची उत्तरेकडची सावली फेब्रुवारीच्या मध्यात भर दुपारी सुमारे 16 फूट असते, 21 मार्चला 9 फूट, एप्रिलअखेर जेमतेम 3 फूट. म्हणजे आज ‘सावलीची’ म्हणून निवडलेली उत्तरेची बाजू, जिथे फर्न आणि मनीप्लांट ठेवाल, ती मेमध्ये तापून निघते. बसायचा बाक पूर्वेच्या अंगणात ठेवा. दुपारनंतर तिथे घराची सावली पडते आणि संध्याकाळी चहाला फरशी गार मिळते.

सुदामानगर

मोगऱ्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण वसंताचा सुगंध म्हणजे तोच.

जुनं झाड असेल तर जानेवारीअखेर दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं. मग जमिनीपासून दीड फुटावर छाटणी, उरलेली पानं हाताने ओरबाडून काढायची. बुंध्याभोवती हलकी खुरपणी, दोन किलो कुजलेलं शेणखत, मूठभर बोनमील (हाडांची पूड) आणि सणसणीत पाणी. नव्या फुटीच्या टोकाला सहा-सात आठवड्यांत कळ्या दिसतात. छाटणी मार्चपर्यंत लांबली तर पहिला बहर उन्हात सापडतो आणि फुलं बारीक येतात.

नव्या घरात रोप नुकतंच आणलेलं असतं. त्याला ही कडक छाटणी नको, फक्त शेंडे खुडा. कुंडी बारा इंची, सहा तास ऊन. नुसती पानं वाढून फूल येत नसेल तर बहुधा सावली आहे किंवा युरिया जास्त झालाय.

पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी असलं की लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचं असेल तर दुकानात ‘ईडीडीएचए’ प्रकारचं लोह मागा, साधं ईडीटीए अशा मातीत फार टिकत नाही. कुंड्यांना जमलं तर नळाला येणारं नर्मदेचं पाणी द्या. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र अजिबात नको, त्यात क्षार जास्त असतात.

वैशालीनगर

गुलाब फेब्रुवारीत छाटू नका. इथली छाटणी ऑक्टोबरातली. आता फक्त सुकलेलं फूल, त्याच्या खालच्या पाच छोट्या दलांच्या पानाच्या वर तोडत राहा.

लोकमान्यनगर

लगेच रंग हवा असेल तर पिटुनिया, फ्लॉक्स, कॅलेंडुला तयार रोपांच्या रूपात आणा. बी ऑक्टोबरात पेरायचं असतं, आता पेरून उपयोग नाही. ही रोपं मार्चअखेरपर्यंतच साथ देतात. म्हणून त्यांच्या मधल्या जागेत फेब्रुवारीच्या शेवटी झिनिया आणि पिवळा कॉसमॉस पेरून ठेवा. बी अर्धा सेंटिमीटर खोल, चार ते सात दिवसांत उगवतं, नऊ-दहा इंचांवर विरळणी करा. चिनी गुलाबाचं (पोर्टुलाकाचं) बी मात्र झाकायचं नाही, नुसतं मातीवर दाबायचं. पिटुनिया वाळेपर्यंत झिनिया कळीला आलेला असतो आणि वाफा उघडा पडत नाही.

पाणी रोज थोडं-थोडं शिंपडू नका. मुळं वरच राहतात आणि पहिल्या भेगेत तुटतात. जमिनीतल्या रुजलेल्या झाडांना सहा-सात दिवसांनी खोल पाणी आणि वर तीन इंच वाळला पाला. कोवळ्या रोपांना पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड.

रंगपंचमीला गेरहून (रंगांच्या मिरवणुकीहून) आलेली मंडळी अंगणातच अंग धुतात. तेवढा दिवस कुंड्या मागे सरकवा, साबणाचं पाणी वाफ्यात जिरू देऊ नका.

राऊ

मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, सांगायचा राहिला. मार्चमध्ये जास्वंद आणि गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर तो येतोच. आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, दोन-तीन दिवस सलग. नाही गेला तर लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि 1-2 मिली पातळ साबण, संध्याकाळी. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. मागच्या बाजूला आंबा असेल आणि मोहोर फुललेला असेल तर त्या दिवसांत त्याच्यावर काहीही फवारू नका. माश्या आणि मधमाश्या गेल्या की फळधारणा गेली.

सुदामानगर

पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं, दोन इंचांहून खोल नको, पाणी रोज बदलायचं. मधुमालती किंवा बोगनवेल दाट असेल तर कात्री लावण्याआधी आत डोकावून बघा. या दिवसांत बुलबुल त्यात वाटीएवढं घरटं बांधतो. अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत जवळजवळ महिना जातो, तेवढे दिवस त्या फांद्या तशाच राहू द्या आणि बाकही दोन हात लांब सरकवा.