मांडणशिल्पात आत्मचिंतन घडू शकते का?

मूळ लेखन

डिसेंबर २०१६ मध्ये केरळात सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात चिलीचे कवी राऊल झुरिता यांचे ‘सी ऑफ पेन’ हे मांडणशिल्प, म्हणजे एखाद्या जागेत वस्तू मांडून उभी केलेली कलाकृती, होते. फोर्ट कोचीतील अ‍ॅस्पिनवॉल हाउस या जुन्या व्यापारी वास्तूतील लांबलचक वखारीत समुद्राचे पाणी भरलेले होते आणि पलीकडच्या भिंतीवरची कविता वाचायची तर चपला काढून, कपडे वर धरून त्या पाण्यातून चालत जावे लागे. बाजूच्या भिंतींवर, ऐकू येत नाही का, दिसत नाही का, अशा अर्थाचे मोजके प्रश्न होते. कविता होती गालिप कुर्दी या पाच वर्षांच्या सीरियन मुलासाठी. २०१५ साली निर्वासितांची जी नाव बुडाल्यामुळे किनाऱ्यावर निपचित पडलेल्या चिमुकल्या आलान कुर्दीचे छायाचित्र जगभर पोहोचले, त्याच नावेत त्याचा हा थोरला भाऊही गेला. त्याचे असे छायाचित्र मात्र जगाने पाहिले नाही.

पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून माझी पावले आपोआप हळू पडू लागली. गाभाऱ्यात शिरताना येणारे मौन मला तेथे, कोणत्याही देवतेवाचून, लाभले. म्हणूनच अशा कलाकृतींना आध्यात्मिक चिंतनाची जागा मानावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

आपल्या अनुभवाविषयी मला शंका नाही. त्याला आध्यात्मिक म्हणण्यास मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. बुडालेल्या मुलाचे मरण हे आपल्या मौनाचे साधन कसे होऊ शकते, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. दुसरे असे, की साधना पुनरावृत्तीवर उभी असते. वारकरी तोच हरिपाठ रोज म्हणतो, आज त्यात नवे काही गवसले नाही तरीही म्हणतो; प्रेक्षक मात्र दालन पाहून पुढच्या दालनाकडे वळतो, आणि मार्च २०१७ अखेर तर ते प्रदर्शनच संपले.

प्रतिसाद २

पुनरावृत्तीचा मुद्दा मान्य, पण ती मांडणशिल्पात नसतेच असे नाही. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून कलेकडे वळलेले जर्मन कलावंत वोल्फगांग लाइब १९७५ पासून ‘मिल्कस्टोन’ घडवत आले आहेत. शुभ्र संगमरवराची शिळा वरून किंचित खोलगट घासलेली असते आणि त्यात दूध इतके काठोकाठ भरतात, की दगड कोठे संपला हे कळू नये. दूध नासते, म्हणून दिवसअखेर ते काढून शिळा स्वच्छ करावी लागते आणि दुसऱ्या दिवशी ताजे दूध ओतावे लागते. पहिल्या दिवशी हे काम लाइब करतात, पुढे संग्रहालयाचे कर्मचारी. रोजच्या अभिषेकाहून हे फार दूर आहे, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

मग साधना त्या कर्मचाऱ्याची झाली, पाहणाऱ्याची नव्हे. अभिषेक पाहणाऱ्याच्या तळहातावर निदान तीर्थ तरी पडते. संग्रहालयात हात लावण्यास मनाई असते, आणि ज्या वस्तूपासून मला दूर उभे केले जाते, तिच्याशी माझे नाते बघ्याचेच राहते. लाइब यांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे. आक्षेप आहे तो आपण त्या निष्ठेचे पुण्य प्रेक्षकाच्या पदरात टाकतो यावर.

मूळ लेखिकेचे उत्तर

तीर्थाचा मुद्दा मला पटला, आणि नेमक्या त्याच कारणासाठी मी कोचीचे उदाहरण निवडले होते. तेथे दोरी नव्हती. पाणी प्रत्येकाच्या पायाला लागत होते. आपल्या पहिल्या आक्षेपाबद्दल सांगायचे, तर मौन म्हणजे शांती असे मी म्हटलेले नाही. तुकोबांच्या अभंगांतली तळमळ आपण चिंतनातून वगळत नाही. मग येथली अस्वस्थता का वगळावी? कविता वाचून मला समाधान मिळाले नाही. त्याच पाण्यातून परत फिरताना समोरून येणाऱ्यांना वाट द्यावी लागत होती, आणि पुढे काय लिहिलेले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, मला होते. त्यांच्या नजरेला नजर देणे मला जमले नाही.