मदत हवी आहे: अमेरिकेत बेंच वॉरंट (न्यायाधीशाचा अटकेचा हुकूम) निघालंय का, कसं बघायचं?

मंडळी, मावसभावाला इथे अमेरिकेत गाडी वेगात चालवल्याचं तिकीट मिळालं होतं. मधे घर बदललं, कोर्टाचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि तारीख हुकली. गैरहजेरीवरून न्यायाधीश बेंच वॉरंट काढू शकतात आणि ते आपोआप विरत नाही, एवढं ठाऊक आहे. उद्या पोलिसांनी साध्या कारणाने गाडी थांबवली तरी पंचाईत. काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) कोर्टाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं, काहीच आलं नाही. पण तिकिटावर म्युनिसिपल (शहराचं) कोर्ट छापलंय, त्यांच्या नोंदी वेगळ्या असतात ना? सायटेशन नंबर (तिकिटाचा क्रमांक) सांगून क्लार्कला फोन करावा, की आधी वकील गाठून वॉरंट मागे घ्यायचा अर्ज करावा? कोर्टाच्या खिडकीवर गेलो तर तिथेच धरतील, या धास्तीने स्वारी हलायला तयार नाही. कुणी यातून गेलंय का?