कॉलेजच्या पॅसेजमध्ये माणसांची काळी-पांढरी चित्रं: निवड आणि मांडणी कशी करू?

ओटीवरची

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. भित्तिपत्रक माझ्याकडे असतं म्हणून यंदाचं चित्रप्रदर्शनही माझ्याकडे आलं. विषय मुलांनीच ठरवला: माणसं, आणि तीही फक्त काळ्या-पांढऱ्यात. ६३ कामं आली आहेत. चारकोल, पेन्सिल, बॉलपेन, अकरा लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून शाईने छापलेली चित्रं) आणि मोबाइलवर काढलेले फोटो. जागा म्हणजे पहिल्या मजल्यावरचा पॅसेज. एका बाजूला २२ मीटर सलग भिंत, समोर ग्रिलच्या खिडक्या. सप्टेंबरात लावायचंय, म्हणजे भिंतीला ओल असणारच.

६३ पैकी १९ चित्रं म्हाताऱ्या चेहऱ्यांची आहेत. मोठा फेटा, विडी, सुरकुत्यांचं जाळं. हात चांगला आहे मुलांचा, पण आमच्या भागात असा फेटा बांधलेला म्हातारा मी पंधरा वर्षांत पाहिलेला नाही. सगळे इंटरनेटवरून उतरवलेले. ते नाकारले तर मुलं खट्टू होतील, घेतले तर भिंत त्यांनीच भरेल.

मला सगळ्यात आवडलेलं चित्र दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं आहे. आमच्या कँटीनच्या मावशी, चारकोलमध्ये, किराणा बांधून आलेल्या खाकी कागदावर. कागदाच्या घड्या दिसतात. खाली शीर्षक ‘कष्ट’. एक सहकारी म्हणतात, हा कागद पांढऱ्यांच्या रांगेत विजोड दिसेल. दुसरं चित्र रात्रपाळीच्या वॉचमनकाकांचं, खुर्चीत मान टाकून झोपलेले, शीर्षक ‘प्रतीक्षा’. दोघांनाही आपलं चित्र काढलंय हे माहीत नाही. ही दोन्ही लावावीत का? आणि फोटो व चित्रं वेगळी ठेवायची की मिसळायची?

कोळसाकागद

मॅडम, मी २८ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलं सुरकुत्यांकडे का वळतात ते सांगतो. सुरकुती ही आयती रेघ असते. ती काढली की चेहरा ‘जमल्यासारखा’ दिसतो. अठरा वर्षांच्या मुलीचा गुळगुळीत गाल फक्त छटांवर उभा करायचा असतो, तिथे खरी कसोटी. त्या १९ मधली दोन-तीन घ्या, ज्यांत डोळे नीट पाहिलेले आहेत. बाकीच्यांना आठवडाभर मुदत द्या आणि घरातल्या कोणाला तरी समोर बसवून काढायला सांगा. मुलं खट्टू होत नाहीत, कामाला लागतात.

खाकी कागदाबद्दल तुमच्या सहकाऱ्यांना एवढंच सांगा. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार झैनुल आबेदिन यांनी कलकत्त्याच्या रस्त्यावरची भुकेली माणसं काढली ती स्वस्त पॅकिंगच्या कागदावर, काळ्या शाईने आणि ब्रशने. आज बांगलादेश त्या चित्रांना जिवापाड जपतो. घड्या इस्त्री करून घालवू नका. त्या कागदाला थोडा रुंद माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) द्या, विजोड वाटणार नाही.

आणि चारकोलवर हेअरस्प्रे मारू देऊ नका, मुलं हमखास मारतात. कागद पुढे पिवळा पडतो. फिक्सेटिव्हचे (कोळसा कागदाला धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचे) हलके दोन-तीन हात, फूटभर लांबून, उघड्यावर. फ्रेमला काचच घ्या. अ‍ॅक्रिलिकची शीट पुसली की तिच्यात स्थिर वीज येते आणि ती कोळशाची भुकटी कागदावरून ओढून घेते. आमच्या एका प्रदर्शनात एका मुलाच्या चित्रातली अर्धी दाढी अशी शीटला चिकटली होती. तो पोरगा रडला होता.

जिना

पुण्यात गॅलऱ्यांमध्ये चित्रं टांगायचं काम करतो. आधी हिशोब. फ्रेमसकट सरासरी ४० सेंटिमीटर रुंदी आणि मध्ये २५ची मोकळी जागा धरली, तर २२ मीटरवर ३३ चित्रं बसतात. ३० निवडा. ६३ दाटीवाटीने लावलीत तर एकही दिसणार नाही. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर. वरच्या कडा एका रेषेत आणायचा मोह होतो, तो टाळा.

फोटो मिसळा, पण मॅट कागदावर छापून घ्या, आणि सगळे एकाच वेळी एकाच ठिकाणी. रंगीत लॅबमधून आलेले काळे-पांढरे प्रिंट कधी हिरवट तर कधी गुलाबी झाक मारतात. ते एकट्याने कळत नाही, शेजारी चारकोल आला की लगेच उघडं पडतं.

क्रम माध्यमाने लावू नका, अंतराने लावा. लिनोकटचा काळा जिन्यावरूनही दिसतो, म्हणून ते पॅसेजच्या टोकांना, माणसाला आत ओढायला. पेन्सिलची बारीक कामं लोक थांबतात तिथे: पाण्याचा कूलर, नोटीस बोर्ड. पेन्सिल मात्र खिडकीच्या अगदी समोर नको, ग्रॅफाइट चमकतं आणि चेहऱ्याजागी नुसती चकाकी दिसते. बॉलपेनची चित्रं उन्हापासून सगळ्यात लांब. ती शाई फिकी पडते, कोळसा आणि लिनोची शाई टिकते. ओलीसाठी फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवा, मागून हवा खेळते.

शाईबोट

ताई, माझं लक्ष त्या दोन शीर्षकांवर अडकलं. मावशींना नाव असेल ना? ‘कष्ट’ लिहिलं की त्या पुसल्या गेल्या. त्याच दुष्काळात, १९४३च्या नोव्हेंबरमध्ये, चित्रकार चित्तप्रसाद बंगालच्या मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडले. भुकेने मरणारी माणसं काढताना ती कोण, कुठल्या गावची, त्यांच्यावर काय गुदरलं हे त्यांनी जागोजागी लिहून ठेवलं. त्या दौऱ्याची पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त करून जाळली. पुढे ते अंधेरीला राहून वर्षानुवर्षं लिनोकट कोरत होते. दुष्काळातल्या माणसाला नाव देता येतं, तर रोज चहा देणाऱ्या बाईला का नाही?

वॉचमनकाकांचं चित्र त्यांना विचारल्याशिवाय लावूच नका. झोपलेला वॉचमन भिंतीवर लागला तर उद्या त्यांची नोकरी कोण सांभाळणार?

ओटीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्या मुलीला घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी हात पुसले, चित्र उजेडात धरलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “कालथा डाव्या हातात दाखवलान, मी डावरीच हाय. बघितलंन गो पोरीने.” शीर्षक काय देऊ विचारलं, तर पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या गावासकट. लिहिताना मुलीचा हात थरथरत होता.

वॉचमनकाका नको म्हणाले. चित्र मुलाला परत दिलं. तो आता रात्री नऊला त्यांच्यासोबत फेरी मारतो, ते कंदिलासारखी बॅटरी धरून चालतात तसं काढतोय. फेट्यांपैकी तीन ठेवले. नव्याने आलेल्यांत एकाने त्याची आजी काढली आहे, मोबाइलवर नातवाशी बोलणारी, तोंडभर हसताना.

३० चित्रं ठरली. त्यांतली २२ माणसं आमच्याच पंचक्रोशीतली आहेत आणि त्यांतल्या नऊ जणांना अजून विचारायचंय. जिना, काचेच्या ३० फ्रेमचं वजन जुन्या भिंतीतले खिळे धरतील की लाकडी पट्टी ठोकून घेऊ?